संगीत नाटकात पहिल्यांदा उभं राहताना

गाणं येतं म्हणजे संगीत नाटकातलं काम जमेल, असं मला वाटलं होतं. अकरा वर्षं शिकले होते, गणपतीत आणि कोजागिरीला गात होते. रत्नागिरीतल्या आमच्या हौशी मंडळाने अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ बसवायला घेतलं, तेव्हा नायिकेच्या, म्हणजे सुभद्रेच्या, आशेने गेले आणि कुसुमावती घेऊन घरी आले. कुसुमावती सुभद्रेची सखी. आमच्या संपादित संहितेत तिला एकही पद, म्हणजे नाटकातलं गाणं, नव्हतं. दोन वर्षांनी सुभद्रा मिळाली. दोन्ही कामं करून झाल्यावर कळलं, की नवा माणूस सहसा सुरात अडत नाही. तो अडतो सांध्यावर: बोलणं संपून पद सुरू होतं तिथे, आणि पद संपून पुन्हा बोलायचं असतं तिथे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी विंगेत उभे राहा

कोकणात आणि गोव्यात देवळाच्या उत्सवात अजून गावकरी संगीत नाटक उभं करतात. शहरांत हौशी मंडळं आहेत. महाराष्ट्र शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय हौशी संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा घेतं, आणि गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा असतात. तुमच्या गावातलं कोणतं मंडळ यात उतरतं ते शोधा. त्यांचा एक प्रयोग बघा, प्रयोगानंतर मागे जाऊन भेटा आणि ‘पडद्यामागे काही काम असेल तर सांगा’ म्हणा. भूमिका मागू नका.

प्रॉम्प्टिंग मिळालं तर आनंदाने घ्या. संहिता हातात धरून महिनाभर तालमी बघितल्या, की सगळ्यांची सगळी वाक्यं डोक्यात बसतात. शिवाय कोण कुठे अडखळतं आणि का, हेही दिसतं. पुढच्या नाटकाच्या वेळी दिग्दर्शक आधी अशा माणसाला विचारतो.

२. निवड चाचणीला जाताना

एवढी तयारी हवी:

- दोन पदं, पाठ. एक संथ, एक चढ्या लयीचं. साथ नसेल असं धरूनच बसवा.
- गद्याचा एक उतारा, साधारण पानभर.
- तुमची पट्टी, म्हणजे गाताना तुमचा ‘सा’ ज्या सुरावर असतो तो, कोणती याचं उत्तर.
- पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या संध्याकाळी येता येणार नाही त्याची यादी. परीक्षा, लग्न, ऑफिसचा मार्चअखेर, सगळं खरं लिहा.

ताना असलेलं सगळ्यात अवघड पद निवडायचा मोह होतो. मीही तेच केलं होतं. पद संपल्यावर दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, ‘आता हेच शब्द नुसते बोलून दाखवा.’ मला शब्द आठवेनात, कारण ते मी कधी शब्द म्हणून पाहिलेच नव्हते. चाचणीत दिग्दर्शक गळ्याची फिरत नंतर बघतात. समोरच्याला शब्द कळतो का, हे आधी.

३. हो म्हणण्याआधी विचारा

तालमी किती? आमच्याकडे अडीच-तीन महिने, रोज संध्याकाळी दोन-तीन तास. बाहेरगावचे प्रयोग आहेत का? कपडे मंडळाचे की स्वतःचे? वर्गणी द्यायची आहे का? हौशी रंगभूमीवर मानधन बहुधा नसतंच, पण प्रवासाचा खर्च कोणाचा हे आधी बोललेलं बरं. तालमी रंगात आल्यावर हे प्रश्न कडू होतात.

आणखी एक प्रश्न नव्या माणसाला आपला वाटत नाही, तरी विचारा: परवानग्या झाल्यात का? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५मध्ये गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६मध्ये, कृ. प्र. खाडिलकर १९४८मध्ये. त्यांची नाटकं आता सगळ्यांची आहेत. पण १९६४चं ‘मत्स्यगंधा’ किंवा १९६७चं ‘कट्यार काळजात घुसली’ करायचं असेल तर लेखकाच्या आणि संगीतकाराच्या वारसांकडून लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. ही कामं मंडळाची असतात, पण परवानगी शेवटच्या आठवड्यात अडकली तर पाठांतर तुमचंही वाया जातं. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत आपल्या मनाचं वाक्य घुसवू नका, हा धडा त्यातच आला.

४. पट्टी ठरवा, आणि घरी ठरवू नका

मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) आवाज ओढाताण न होता फिरतो, ती तुमची पट्टी. बऱ्याच बायका काळी चार-काळी पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-पांढरी दोनच्या (ही पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नावं). हे मांडी घालून, तानपुरा लावून बसल्यावर झालं. नाटकात तुम्ही उभ्या असता. कमरेला नऊवारीचा काचा घट्ट असतो, नुकताच एक लांब संवाद तावातावाने बोलून झालेला असतो, आणि कदाचित तो तिसरा अंक असतो.

म्हणून पट्टीची परीक्षा अशी करा. संपूर्ण प्रवेश बोला, ठरलेल्या हालचाली करा आणि न थांबता पद म्हणा. वरचा स्वर ओरडल्यासारखा लागला तर अर्धा स्वर खाली या. घरी माझी काळी चार होती, रंगमंचावर मी पांढरी पाचमध्ये गायले. त्यात कमीपणा काही नाही. मात्र पहिल्या पंधरवड्यातच ठरवा, कारण तुमच्या पट्टीवर तबलजींची सगळी मांडणी अवलंबून असते.

ती कशी? बाईची पट्टी काळी चार आणि पुरुषाची काळी एक असेल, तर काळी चारला लावलेला एकच तबला तिला षड्ज (सा) म्हणून चालतो आणि त्याला पंचम (प) म्हणून. दोघांची पदं पाठोपाठ असतील तेव्हा हे फार सोयीचं पडतं. माझ्यासारखी पांढरी पाचवाली मध्ये आली की वेगळा तबला लावून ठेवावा लागतो. पावसाळ्यातल्या तालमीत कोकणातल्या दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, उतरते, तेव्हा तबलजी तबला पुन्हा पुन्हा सुरात लावत असतात. त्या वेळी गप्पा बंद ठेवायच्या.

५. नक्कल पाठ करणं

तुमच्या भूमिकेचा उतारा म्हणजे नक्कल. हल्ली पूर्ण संहितेची झेरॉक्स किंवा पीडीएफ मिळते. तरी तुमची वाक्यं वहीत हाताने उतरवा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे चार शब्द लिहा. पाठांतर त्या चार शब्दांचं करा, तुमचं वाक्य त्यांच्या मागोमाग येतं.

पदाचा कागद वेगळा ठेवा. त्यावर राग, ताल, पट्टी, ध्रुवपद (परत परत येणारी ओळ) किती वेळा, अंतरा (त्यानंतरचं कडवं) कुठे कापला आहे, आणि पद कोणत्या मात्रेपासून उचलायचं, हे सगळं पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीनेच, कारण दिग्दर्शक बदलणार. ‘सौभद्र’ १८८२चं, त्यात शंभरावर पदं आहेत. त्या काळी नाटक रात्रभर चाले. आज तीन तासांत बसवताना पदं आणि कडवी कापावीच लागतात, आणि हा काटछाटीचा हिशोब प्रत्येक मंडळाचा वेगळा असतो.

इथे एक सापळा आहे. मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं ऐकून पद बसवू नका. मैफलीतलं पद दहा मिनिटं फुलवलेलं असतं. रंगमंचावर तुम्हाला तीन-चार मिनिटं असतात आणि समोर उत्तराची वाट पाहणारं पात्र असतं. ध्वनिमुद्रण एकदा चालीसाठी ऐका, मग बंद करा. शब्द संहितेतूनच घ्या. गायकीत ते कित्येकदा बदललेले असतात.

६. सांधा

सुभद्रेचं ‘वद जाऊं कुणाला शरण ग’ मी शाळेत असल्यापासून गात होते. तालमीत पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा दिग्दर्शकांनी एकच अक्षर विचारलं: ‘ग कोणाला?’

त्या ‘ग’मध्ये सगळं आहे. ही घाबरलेली मुलगी शेजारी उभ्या असलेल्या सखीला विचारते आहे, की मी आता जाऊ तरी कुणाकडे? तो प्रश्न आहे. मी मात्र संवाद संपवून, एक पाऊल पुढे येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून, हात जुळवून गात होते. सखी माझ्या मागे राहिली होती.

तेव्हापासून प्रत्येक पदासाठी मी हा क्रम पाळते. तुम्हीही करून बघा:

पहिले काही दिवस पद गाऊ नका, बोला. संवादासारखं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. जुनी शब्दरचना अडखळवते. तिचा अन्वय लावून घ्या, अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारा. ‘कोणाला’ आणि ‘का’ या दोन प्रश्नांची उत्तरं पदाच्या कागदावर लिहून ठेवा.

मग पदाआधीचं शेवटचं गद्य वाक्य आणि पदाची पहिली ओळ, एवढाच तुकडा घ्या. तो वीस-वीस वेळा करा. गद्य वाक्याचा शेवट पदाच्या षड्जाच्या आसपास आणायचा. गायचा नाही, बोलण्याचाच सूर तिथे उतरवायचा. जुन्या नटांची गद्य वाक्यं कानाला सुरेल लागतात ती यामुळे. ऑर्गनवाले शेवटच्या वाक्याखाली हळूच स्वर धरतात. तो ऐकायला शिका. माझ्या सुभद्रेच्या पहिल्या प्रयोगात आधीचा संवाद मी इतक्या वरच्या आवाजात बोलले, की ऑर्गनचा स्वर कानावर आलाच नाही. पद जवळजवळ एक स्वर वर सुरू केलं. ऑर्गनवाल्यांनी क्षणात पट्टी बदलली. तबला मात्र बेसूर राहिला, आणि अंतऱ्यात माझा आवाज फाटला. पंधरा सेकंदांचा संवाद नीट बोलले असते तर हे घडलं नसतं.

पद कुठून उचलायचं तेही पक्कं हवं. त्रितालातली बरीच पदं नवव्या मात्रेपासून उचलली जातात आणि त्यांचा वजनदार शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. तबलजी मुखडा (समेवर आणणारा छोटा तुकडा) वाजवून वाट बघणार, की तुम्ही आधी सुरू करणार आणि ते मागून येणार, हे प्रत्येक पदाचं वेगळं ठरतं. ठरलं की बदलू नका.

आणि बाहेर येणं. पद संपलं, टाळ्या आल्या, आता गद्य. नवा माणूस इथे सैल पडतो: खांदे उतरतात, चेहऱ्यावरचं पात्र जातं, कधी नकळत प्रेक्षकांना नमस्कारही होतो. नमस्कार करू नका. शेवटच्या समेवर ज्या भावात आहात त्याच भावात टाळ्या ओसरू द्या. पुढचं वाक्य टाळ्यांच्या शेपटावर घ्या, पूर्ण शांतता व्हायची वाट बघू नका.

वन्स मोअर येईल हेही धरून ठेवा. कोणती ओळ परत घ्यायची, ध्रुवपद की अंतरा, हे तालमीतच दिग्दर्शक आणि साथीदारांशी ठरवा. घ्यायचाच नाही असंही ठरू शकतं. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, तिथे बहुतेक दिग्दर्शक नाहीच म्हणतात.

७. दुसरा गात असताना

हे मला कुसुमावतीने शिकवलं. सुभद्रा चार मिनिटं गाते, आणि त्या चार मिनिटांत सखीला करायला काही नसतं. पहिल्या तालमींत मी मान डोलवत होते, मनात ताल मोजत होते. दिग्दर्शकांनी थांबवलं. सखीला सुभद्रेचं गाणं ऐकू येतच नाही, तिला ऐकू येतं ते तिचं दुःख. दाद देणं हे प्रेक्षकांचं काम.

मग आम्ही पदाची एकेक ओळ घेऊन ठरवलं, की कोणत्या शब्दाला सखीला काही नवीन कळतं. तीन जागा निघाल्या. पहिलीला मी सुभद्रेकडे बघते, दुसरीला एक पाऊल जवळ जाते, तिसरीला हात पुढे करून मागे घेते. बाकी वेळ स्थिर. एवढ्याने ते पद दोघींचं झालं. सुभद्रा करणारी माझी मैत्रीण म्हणाली, की तू ऐकतेस म्हणून मला सांगावंसं वाटतं. पुढे मी सुभद्रा झाले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. समोरची सखी प्रेक्षकांत ओळखीचे चेहरे शोधत होती, आणि माझा ‘ग’ हवेत राहत होता.

तुम्हाला गाणं नसलेलं काम मिळालं असेल तर हे शिकून घ्या. तुमच्यावाचून गाणाऱ्याचं पद उभं राहत नाही.

८. साथीदार

ऑर्गन आणि तबला वाजवणारी माणसं बहुधा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त नाटकं कोळून प्यालेली असतात. तालमीला लवकर पोचा आणि त्यांच्याबरोबर दहा मिनिटं बसा. प्रयोगात ते रंगमंचाच्या खाली पुढे बसतात, आणि तुम्ही मागच्या बाजूला पाठमोरे असाल तर त्यांना तुमचा श्वास दिसत नाही. म्हणून पद सुरू करण्याची एक खूण ठरवून घ्या: एखादा शब्द, हाताची हालचाल किंवा वळणं.

रंगमंचावर चूक झाली तर तबल्याकडे रागाने बघू नका, मान हलवू नका. ध्रुवपदावर परत या, ते तुम्हाला तिथे पकडतातच.

आणि नांदी, म्हणजे नाटकाच्या आरंभीचं स्तवन, पाठ करा. भूमिका कोणतीही असो. ‘संगीत शाकुंतल’ची ‘पंचतुंड नररुंडमालधर’ १८८०पासून गायली जाते आणि अनेक मंडळं आजही प्रयोगाची सुरुवात तिनेच करतात, सगळा संच मिळून. पडदा उघडायच्या आधी सगळ्यांबरोबर एका सुरात उभं राहिलं की पायांतली थरथर थांबते. निदान माझी तरी थांबते.

९. कपडे, रंगभूषा, माइक

रंगीत तालमीच्या आधी किमान दोनदा पूर्ण वेशात गाऊन बघा. काचा किती घट्ट बांधायचा हे श्वास भरून ठरवा. पुरुषांनी टोप किंवा पगडी कानावर येत नाही ना ते पाहावं. कान झाकला की स्वतःचा सूर नीट ऐकू येत नाही.

कॉलर माइक असेल तर गळ्यातले दागिने त्यावर घासतात आणि सभागृहभर खळखळ ऐकू येते. मोत्यांच्या माळा दोऱ्याने ब्लाउजला टाचून टाका. टांगलेले किंवा पुढे ठेवलेले माइक असतील तर तालमीतल्या जागा थोड्या बदलाव्या लागतील. ते त्याच दिवशी शांतपणे मान्य करा.

नवीन मेकअपची आधी हातावर परीक्षा घ्या. मिशी-दाढीच्या डिंकाने ओठाभोवती त्वचा ओढली जाते, मिशी लावून ‘ई’कार म्हणून बघा.

१०. प्रयोगाच्या दिवशी

पिशवीत काय हवं:

- नक्कल आणि पदांचे कागद
- ओळखपत्राची प्रत (स्पर्धेत मागतात)
- कोमट पाण्याचा थर्मास
- सेफ्टी पिना, सुई-दोरा, काळ्या क्लिपा
- जुना सुती शर्ट किंवा गाऊन, मेकअप करताना घालायला
- खोबरेल तेल आणि कापूस, रंग उतरवायला
- सुकं, साधं खाणं

सकाळी पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मग गळा बंद. दुपारी पूर्ण आवाजात सगळं एकदा म्हणून बघायची हुरहुर लागते, ती आवरा. दोन तास आधी पोचा. रिकाम्या रंगमंचावर एकदा चाला, पायऱ्या आणि विंगेतली वायर कुठे आहे ते बघा. ऑर्गनवर आपला षड्ज ऐकून घ्या. मोबाइल बंद करून मेकअप रूममध्येच ठेवा.

तिसऱ्या घंटेनंतर विंगेत कोणाशी बोलू नका. तुमच्या पहिल्या वाक्याआधीचे ते चार शब्द मनात ठेवा आणि ऐकत राहा.

११. दुसऱ्या दिवशी

भाड्याचे कपडे, टोप, दागिने मोजून परत करायचे असतात. ते काम कपडेपट बघणाऱ्या एकट्या माणसावर टाकू नका, जा. साथीदारांना भेटा किंवा फोन करा. पदाच्या कागदावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा: कुठे श्वास कमी पडला, आणि कोणती पट्टी खरोखर चालली. मग तो कागद मंडळाच्या संहितेत ठेवून द्या. माझ्या हातात सुभद्रेची संहिता आली तेव्हा आतल्या पिवळ्या कागदावर कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे घाई करू नकोस, सखी बघते आहे.’